कोरडवाहू गव्हाची निवड: सोलापूरच्या रानात या चुका टाळा

सोलापुरात रब्बी म्हणजे ज्वारी. परतीच्या पावसाची ओल मातीत साठते आणि मालदांडी ज्वारी तेवढ्यावर कणीस भरते. गव्हाला ते जड जातं. म्हणून पाण्याचा ताण सोसणारा गहू निवडू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि कृषीच्या विद्यार्थ्यांनी ओंबीच्याही आधी जमीन पाहावी.

सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. एकाच पट्टीत वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम लागतो, ओढ्याच्या अंगाला कमरेएवढी काळी माती असते. खालच्या ओळी उशिरापर्यंत हिरव्या राहिल्या की आपण त्यांना ताण सोसणारा वाण समजतो. खरं तर ती मातीची करामत असते. पेरणीआधी जागोजागी पहार मारून खोली बघा. प्रत्येक वाण निदान तीन ठिकाणी पेरा आणि मध्ये मध्ये ओळखीचा तुल्य वाण ठेवा. निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती, म्हणजे एनआयएडब्ल्यू १४१५, त्यासाठी चांगला. नवी ओळ, म्हणजे निवडलेल्या एका झाडाची संतती, शेजारच्या नेत्रावतीशीच ताडून पाहायची. बांधालगतची टपोरी ओंबी कितीही मोह पाडो, घेऊ नका. तिला मोकळी जागा मिळालेली असते.

दुसरी चूक जीव कळवळल्याने होते. पानं सुरळी होऊ लागली की मोटार चालू केली जाते आणि चाचणी तिथेच संपते. एक भाग पूर्ण कोरडा ठेवा, दुसऱ्याला भरपूर पाणी द्या. दोन्हीकडे टिकेल तोच वाण कामाचा, कारण पाऊस चांगला झालेल्या साली शेतकऱ्याला कमी उतारा परवडत नाही.

लवकर निसवणारा, म्हणजे लवकर ओंबी बाहेर काढणारा गहू ताण सोसतोच असं नाही. तो ओल संपण्याआधी निसटतो. सोलापूरला तो गुणही उपयोगी आहे, पण तुलना करताना साधारण एकाच वेळी निसवणाऱ्या ओळी एकमेकींसमोर ठेवा.

संकराच्या दुसऱ्या पिढीत एकेका झाडाचे दाणे तोलून निवड करू नका. त्या पिढीत प्रत्येक झाड वेगळं असतं आणि एकट्या झाडाच्या उताऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा उंची, निसवण्याची वेळ आणि तांबेरा एवढंच पाहा. उताऱ्याची परीक्षा पाचव्या-सहाव्या पिढीत, ओळी स्थिर झाल्यावर, आणि तीही एकापेक्षा जास्त हंगाम घ्या.

एक गोष्ट फार कमी जण तपासतात. जपानच्या नोरिन १० या बुटक्या गव्हाकडून आलेल्या बुटकेपणाच्या जनुकांमुळे कोंबाचं आवरण आखूड राहतं. वरची माती सुकली म्हणून पाभर खोल घातली की असा गहू वर येत नाही आणि उगवण विरळ पडते. जुना उंच सी ३०६ हा वाण तिथे सरस ठरतो. निवडीतल्या ओळी एकदा मुद्दाम खोल पेरून उगवण मोजा.

मळणी मात्र हातानेच करा. यंत्रात अडकलेले मागच्या ओळीचे चार दाणेही पुढच्या ओळीची शुद्धता घालवतात.