सेक्की चकती: समुद्राआधी रंकाळ्यावर

उपग्रहाच्या चित्रातून समुद्राचा गढूळपणा काढायचा तर तो आकडा पडताळायला पाण्यातलं माप हवं. त्यासाठी 1865 साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्कीने भूमध्य समुद्रात वापरलेली चकती आजही चालते: ती पाण्यात सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. हात बसवायला कोल्हापूरचा रंकाळा तलाव पुरेसा आहे.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून 3 मिमी पत्र्याची 20 सेंमी व्यासाची चकती कापून घ्या. चार भाग पाडून आलटून पालटून काळा-पांढरा मॅट रंग द्या. चकचकीत रंगावर ऊन चमकतं आणि चकती खोलवर दिसत राहते. मधल्या भोकात हुकाचा बोल्ट, खाली एक किलोचं वजन. सुती दोरी भिजली की आकसते, नायलॉनची ताणते, म्हणून फायबरग्लासची मोजपट्टी बांधा. पट्टीचा शून्य चकतीच्या पृष्ठभागाशी जुळला पाहिजे, इथेच बहुतेकांचे पाच-सात सेंमी चुकतात.

होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, चकती हळू सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा. थोडी आणखी सोडून वर ओढा, पुन्हा दिसली ती खोली लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे माप. पहिलं 64, दुसरं 58 आलं तर 61 सेंमी. वाऱ्याने पट्टी 30 अंश कलली की खरा एक मीटर 1.15 मीटर वाचला जातो. अशा वेळी वजन वाढवा. चकती तळाला टेकूनही दिसत असेल तर ते माप धरू नका, 'तळापर्यंत स्वच्छ' एवढंच लिहा.

सेंटिनेल-2 हा युरोपचा उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, त्या दिवशी दहा ते बारामध्येच मोजा. जागा काठापासून किमान 50 मीटर आत, तलावातल्या दगडी संध्यामठापासून आणि केंदाळापासून (जलपर्णीपासून) लांब घ्या. उपग्रहाचा एक ठिपका 10 मीटरचा असतो, त्यात दगड किंवा पानं आली की आकडा पाण्याचा राहत नाही. केंदाळ ओळखायला बँड 8 (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा पट्टा) पाहा, पानांवर तो उजळतो, मोकळ्या पाण्यावर काळा पडतो. जीपीएसचे पाच दशांश लिहा आणि त्या जागेभोवतीच्या नऊ ठिपक्यांची सरासरी काढा. गढूळपणा वाढला की लाल बँड 4 चढतो. 25 जानेवारी 2022 नंतरच्या मूळ फाइलमधल्या आकड्यातून आधी 1000 वजा करा, मग 10000 ने भागा. हे विसरलं की पाणी भलतंच उजळ दिसतं. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं जवळपास वाया जातात, ऑक्टोबरपासून सुरुवात करा.

रत्नागिरीला जाताना 30 सेंमीची पूर्ण पांढरी चकती घ्या आणि प्रत्येक मापाशेजारी भरती-ओहोटीची वेळ लिहा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीत गाळ बाहेर येतो, त्यामुळे त्याच जागेचं माप काही तासांत बदलतं.