नायट्रोजन ओतण्याआधी: गार करून बुश बसवायची तयारी

१०० मिमी बाहेरव्यासाचा ब्राँझ बुश (भोकात घट्ट बसवायची नळी) लिक्विड नायट्रोजनमध्ये गार करून, आटवून बसवायचा असेल, तर आधी हिशेब उरका. हँडबुकातला प्रसरणांक थेट नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत गुणत नेऊ नका. तो खोलीच्या तापमानाचा असतो, आणि धातू जसजसा गारठतो तसतसं त्याचं आकसणं मंदावतं. त्या गुणाकाराने १०० मिमी ॲल्युमिनियम अर्धा मिलिमीटर आटायला हवं, प्रत्यक्षात ०.३९ मिमीच आटतं. पितळ ०.३५, ब्राँझ ०.३ च्या थोडं वर, साधं पोलाद जेमतेम ०.२. यातून इंटरफेरन्स (बुश भोकापेक्षा जेवढा मोठा असतो तो फरक) वजा करून जे उरेल, तेवढीच जागा बुश आत सोडताना मिळणार. ड्राय आइसच्या उणे ७८ अंशांवर आटणं निम्म्याच्या आसपास मिळतं. तेवढ्यात भागत असेल तर नायट्रोजनचा व्याप कशाला?

बुश आणि बोअर (ज्यात बुश बसतो त्या हाऊसिंगचं भोक) एकाच तापमानाला मोजा. आदल्या रात्रीपासून दोन्ही एकाच शेडमध्ये असलेले बरे. कडेवरची धारदार बर काढा, चॅम्फर (कडेचा तिरका उतार) बघा. तेलाच्या छिद्राची खूण बुशवर आणि हाऊसिंगवर, दोन्हीकडे ठसठशीत करा. बुशने एकदा पकड घेतली की तो फिरवता येत नाही, आणि छिद्र चुकलं तर बुश कापूनच काढावा लागतो.

ब्राँझ, पितळ थंडीतही चिवट राहतात. साधं पोलाद आणि बीड मात्र ठिसूळ होतात. तिथे हातोडा दूरच ठेवा. कडक केलेल्या बेअरिंगच्या पोलादात उरलेलं ऑस्टेनाइट (पोलादाची एक अंतर्गत रचना) गारठ्यात मार्टेन्साइट या जास्त जागा घेणाऱ्या रचनेत बदलून माप कायमचं वाढू शकतं. बेअरिंगसाठी मी तरी हाऊसिंग तापवेन.

एका लिटर नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि गुदमरणं आधी कळतही नाही. म्हणून दारं उघडी, खड्ड्यात काम नाही, भांड्याला घट्ट झाकण नाही. फेस शील्ड लावा, हातमोजे झटकन निघतील असे सैल घ्या, पँट बुटांच्या बाहेर सोडा.

बुशला तार बांधून ठेवा आणि गार न करताच सगळ्या हालचाली एकदा करून बघा, कारण पातळ बुश बाहेर काढल्यावर फार वेळ देत नाही. उकळी शांत झाली की काढायचा. पावसाळ्यात दंव लगेच धरतं, कोरडा फडका हाताशी हवा. बोअरच्या खांद्याला (आतल्या पायरीला) टेकल्यावर बुश दाबून धरायची सोयही आधीच करा. गरम होताना तो मागे सरकतो. बसल्यावर आतला व्यास थोडा कमी होतो, तेव्हा शेवटचं रीमिंग (आतलं भोक कापून मापाला आणणं) नंतरसाठी राखून ठेवा.