पत्रा कापण्याआधी पुठ्ठा कापावा
घरी बांधत असलेल्या गाडीसाठी मडगार्डचा किंवा दरवाजाखालच्या पट्टीचा तुकडा स्वतः घडवायचा असेल, तर पत्र्याला कात्री लावण्याआधी तोच आकार पुठ्ठ्यातून कापून जागेवर चिकटपट्टीने बसवून पाहावा, कारण पुठ्ठ्यावरची चूक दोन मिनिटांत सुधारते, तर पत्र्यावरची तुकडा वाया घालवते. दुमडीच्या रेषाही पुठ्ठ्यावरच आखून घ्याव्यात. बॉडीसाठी 0.8 ते 1 मिमी जाडीचा पोलादी पत्रा योग्य ठरतो.

खरी कसोटी वेल्डिंगच्या वेळी लागते. इतका पातळ पत्रा उष्णतेने चटकन लहरतो, म्हणून सलग शिवण न मारता एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये, असे सुटे टाके द्यावेत आणि पहिला टाका पुरता निवल्याशिवाय त्याच्या शेजारी दुसरा देऊ नये. टाक्याभोवतीचे निळसर कडे रुंद होऊ लागले, की लगेच थांबावे; माझ्या मते संपूर्ण कामात संयम सर्वाधिक इथेच लागतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असल्यास तो जोडाजवळून आधी घासून काढावा व खोली हवेशीर ठेवावी, कारण जळत्या जस्ताचा धूर श्वासावाटे जाणे अपायकारक असते.