बोटीवरची पान्यांची पेटी भरताना या चुका टाळा

नारळी पौर्णिमा जवळ आली की माझा फोन दिवसभर वाजतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट शाकारून ठेवलेली असते आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची धावपळ सुरू होते. रंग, जाळी, डिझेल, बर्फ, लायसन, सगळं आठवतं. पान्यांची पेटी मात्र गेल्या मे महिन्यात जिथे ठेवली तिथेच असते. मग पहिल्याच फेरीत समुद्रातून फोन येतो, "मिस्त्री, इंजिन बंद पडलंय, काय करू?" मी विचारतो, "सतराचा फिक्स पाना आहे ना?" पलीकडून उत्तर येत नाही. (फिक्स पाना म्हणजे उघड्या तोंडाचा, नटाला बाजूने घालायचा पाना; सतराचा म्हणजे १७ मिलिमीटरच्या नटाचा.)

कोकणात हर्णै ते दाभोळ पट्ट्यात गेली वीस वर्षं मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. त्याआधी सहा वर्षं ट्रॉलरवर ड्रायव्हर होतो. त्याच त्याच चुका बघून जीव थकलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

दुकानातला तयार सेट उचलून आणणे

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून तिच्यावर जास्त बोलणार.

मी ड्रायव्हर असताना आमच्या नाखवांनी (बोटीच्या मालकांनी) मुंबईहून एकशे आठ नगांचा सॉकेट सेट आणला. लाल पेटी, आत प्रत्येक सॉकेटला आपापला खळगा. नाखवा म्हणाले, आता ते जुने पाने घरी ठेव, कशाला दुप्पट ओझं. मी हो म्हटलं आणि पाने घरी ठेवून आलो.

ऑक्टोबर होता. पंधरा वाव, म्हणजे साधारण सत्तावीस मीटर खोल पाण्यात होतो. पहाटे तीनच्या सुमारास इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोन उचक्या दिल्या आणि बंद. टाकीतलं डिझेल तळाला गेलेलं, बोट हलली तसा तळाचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये बसला होता. फिल्टर काढला तर हाताला काळा, बुळबुळीत थर लागला. नवीन फिल्टर बोटीवर होता, तो बसवला. हातपंप मारून फिल्टरवरच्या स्क्रूमधून बुडबुडे काढले. पण इंजिनने एअर धरली होती, डिझेलच्या पाइपात हवा अडकली होती, ती डिझेल पंपाच्या पुढे. म्हणजे नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपांचे नट ढिले करून स्टार्टर मारायचा, डिझेल आलं की आवळायचं. सोपं काम आहे, रोजचं आहे.

आमच्या इंजिनावर तो नट सतराचा. सेटमध्ये सतराचा सॉकेट होता, नवा कोरा. पण नटाच्या मधून पाइप जातो. सॉकेट वरून बसवायचा असतो, पाइप मध्ये असताना तो बसणार कसा? तिथे बाजूने घालायचा फिक्स पानाच लागतो. एकशे आठ नगांत एकही फिक्स पाना नव्हता.

केबिनमध्ये एक गंजलेला स्क्रू पाना सापडला. त्याचा जबडा सैल. पहिल्या नटाला लावून जोर दिला तर तो सरकला आणि नटाचे कोपरे गोल झाले. दुसऱ्या नटाचंही तेच झालं. तेव्हा तांडेलांनी (बोटीवरच्या प्रमुखांनी) माझा हात धरला आणि म्हणाले, "बस कर. उरलेले चार तरी शाबूत ठेव." मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) बोटीला बाहेर ढकलत होता. नांगर टाकला आणि उजाडायची वाट बघत बसलो.

सकाळी साडेसातला एक बोट जवळ आली. तिच्या ड्रायव्हरने गोणपाटातून सोळा-सतराचा काळा पडलेला पाना काढून दिला. चार पाइप ढिले केले, एअर काढली, दहा मिनिटांत इंजिन चाललं. गोल झालेल्या दोन नटांना हात लावला नाही. ते पाइप पुढे आपोआप साफ झाले, पण बंदरात आल्यावर दोन्ही बदलावे लागले. एका दिवसाची मासळी गेली, बर्फाचं पाणी झालं. खलाशांच्या वाट्याला त्या फेरीला काही आलं नाही, आणि ते सगळे गप्प होते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मी पेटी दुकानात भरत नाही, बोटीवर भरतो. बोट किनाऱ्यावर असतानाच इंजिनाभोवती बसायचं आणि एकेक नट, एकेक स्क्रू हाताने पाना लावून बघायचा. बसला की वहीत नंबर लिहायचा आणि नटाशेजारी रंगाचा ठिपका द्यायचा. फिल्टर, वॉटर पंप, बेल्टचा टेन्शनर, शाफ्टची ग्लँड, सुकाणूची जोडणी, बॅटरीची टर्मिनल्स, सगळीकडे. पूर्ण अर्धा दिवस जातो. तरुण बोटवाल्यांना हा अर्धा दिवस जड वाटतो. "मिस्त्री, तुम्ही यादीच द्या ना," म्हणतात. माझी यादी माझ्या बोटीची असते, तुमच्या बोटीला ती कशी चालेल?

दोन गोष्टी त्या अर्ध्या दिवसातच कळतात. पहिली, जिथे नट आणि बोल्ट दोन्ही फिरतात तिथे एकाच नंबरचे दोन पाने लागतात, एक रिंग (गोल तोंडाचा) आणि एक फिक्स. दुसरी, जुनं इंजिन असेल तर त्यावर इंची नट असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेराचा पाना थोडा सैल बसतो आणि कधीतरी सटकतो. नऊ सोळांश इंच म्हणजे जवळपास १४.३, त्यावर चौदाचा जात नाही आणि पंधराचा कोपरे खातो. पाऊण इंचावर मात्र एकोणीसचा चालतो. तेव्हा "सगळे मिलिमीटरचे घेतले" म्हणून निर्धास्त राहू नका.

सॉकेट अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. पण घ्याल तर सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट पटकन बसतो हे खरं, पण गंजलेल्या नटाला तो फक्त टोकांवर धरतो. सहा कोनी पूर्ण बाजू धरतो. समुद्रावर सगळेच नट गंजलेले असतात.

स्पेअर आहे, पण त्याच्या जोडीचं सामान नाही

इम्पेलर बोटीवर ठेवायचा हे आता बऱ्याच जणांना कळलंय, चांगली गोष्ट आहे. इम्पेलर म्हणजे वॉटर पंपातलं रबराचं फूल. खालच्या इनलेटला प्लास्टिकची पिशवी चिकटली की पाणी बंद, आणि कोरडं फिरलं की थोड्याच वेळात त्याच्या पाकळ्या जळून तुटतात. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी प्लास्टिक किती असतं ते वेगळं सांगायला नको.

मागच्या हंगामात एका बोटीवर नवीन इम्पेलर होता, तरी ती बोट ओढून आणावी लागली. कारण पंपाच्या झाकणाचा कागदी गॅस्केट काढताना फाटला आणि दुसरा नव्हता. झाकणाच्या पितळी स्क्रूंपैकी एक गटारात, म्हणजे इंजिनाखालच्या पाण्यात पडला. त्यात पंप आणि फळी यांच्यामध्ये चार बोटं जागा, तिथे त्यांचा लांब स्क्रू ड्रायव्हर शिरेना.

म्हणून मी प्रत्येक कामाची एक पिशवी करतो. इम्पेलरच्या पिशवीत इम्पेलर, दोन गॅस्केट, तीन जादा स्क्रू, साबणाची छोटी बाटली, आणि बाहेरून सुतळीने बांधलेला तो आखूड, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचा नाही. साबण अशासाठी की नवा इम्पेलर ओला करून, पाकळ्या फिरायच्या दिशेला वाकवून आत ढकलावा लागतो. तिथे ग्रीस लावू नका, रबराला ते मानवत नाही. आणि जुना काढल्यावर पाकळ्या मोजा. सहापैकी पाचच हातात आल्या तर सहावी पुढे पाइपात किंवा कूलरच्या तोंडाशी अडकलेली आहे. ती काढली नाही तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापणार. घाईत असलेला माणूस हे मोजत नाही आणि तासाभरात परत फोन करतो.

डिझेलच्या पिशवीत फिल्टर, त्याची रबरी रिंग आणि तांब्याचे वॉशर. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो, पुन्हा लावला तर डिझेल झिरपतं किंवा एअर आत घेतो. नवा नसेल तर स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवून थंड करा, मऊ पडतो आणि पुन्हा बसतो. ही युक्ती मला एका जुन्या तांडेलांनी शिकवली, अजून वापरतो.

पेटी गटारात ठेवणे

लोखंडी पेटी इंजिनाखाली ढकलून ठेवायची, हे मी इतक्या बोटींवर बघितलंय की आता रागही येत नाही, वाईट वाटतं. दोन महिन्यांत पक्कड उघडत नाही, ॲलन कीचे कोपरे झडतात, कानशीचे दात जातात. पेटीसाठी रंगाची वीस लिटरची प्लास्टिक बादली घ्या, झाकण घट्ट बसणारी. आत जुन्या ताडपत्रीची खिसे शिवलेली गुंडाळी, आणि एक फडकं ताज्या इंजिन ऑइलमध्ये भिजवून पिळलेलं. जागा केबिनमध्ये, तांडेलांच्या फळीखाली.

पाना खाऱ्या पाण्यात पडला तर आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग तेल. मिठावरच तेल चोपडलं तर मीठ आत राहून ओल धरतं आणि तेलाखाली गंज चढतो.

इथे स्प्रेच्या डब्याबद्दल बोललंच पाहिजे. डब्ल्यूडी-४० चा डबा आणला की सगळ्यांना वाटतं गंजाचा प्रश्न मिटला. त्या नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणे असा आहे. ओल्या वायरिंगवर, अडकलेल्या नटावर मारायला उत्तम, माझ्याही पेटीत असतो. पण त्याचा थर टिकत नाही. जिथे टिकाऊ थर हवा तिथे ग्रीस लावा, हात काळे होतील, होऊ देत.

बोल्टचंही तेच. स्टेनलेस म्हणून मिळतो तो बहुतेकदा ३०४ ग्रेडचा असतो. समुद्राच्या पाण्यात टिकायला ३१६ हवा, त्यात मॉलिब्डेनम असतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण त्या चाचणीत ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा.

पंख्यात जाळं गेलं आणि सुरी नाही

मासे कापायची सुरी नायलॉनच्या दोरावर चालत नाही. दातेरी पात्याची, पाव कापायची सुरी आणि हॅक्सॉची दोन पाती ठेवा, दोघांनाही मुठीशी दोरीचा फास. पंख्यात, म्हणजे बोटीच्या प्रोपेलरमध्ये, अडकून घट्ट पिळलेला दोर उष्णतेने वितळून प्लास्टिकसारखा कडक झालेला असतो, तो हॅक्सॉनेच निघतो. डोळ्यांना चष्मा असू द्या. तो काढायला खाली पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि इंजिनची चावी त्याच्याच खिशात. चावी दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही, सख्ख्या भावाकडेही नाही. लाट मोठी असेल तर उतरूच नका. बोटीचा बुडखा वरखाली आपटत असतो, डोक्याला लागलं तर माणूस जातो. नांगर टाका, थांबा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या) पंख्याची पिन तुटली की खिळा कापून घालणारे बरेच आहेत. ती पिन मुद्दाम मऊ केलेली असते, पंखा खडकाला लागला तर तुटून गिअर वाचवायला. खिळा तुटत नाही, गिअर तुटतो. पिना स्वस्त आहेत, पाच ठेवा.

बॅटरीच्या पान्याला मुठीपासून निम्म्यापर्यंत टेप गुंडाळा. उघडा पाना दोन्ही टर्मिनलना टेकला तर तो तापून लाल होतो आणि बॅटरी फुटू शकते.

पाण्याखाली बोटीला जेवढी भोकं आहेत तेवढी मऊ लाकडाची निमुळती बुचं करा आणि प्रत्येक बुच त्या त्या भोकाशेजारीच सुतळीने बांधा. पेटीत ठेवलंत तर पाणी भरताना शोधत बसाल.

कठड्यावरून वाकून काम करताना पान्याला मनगटाशी दोरी.

उजेडाची बॅटरी, म्हणजे टॉर्च, डोक्याला लावायची घ्या. हातातली बॅटरी धरायला दुसरा माणूस लागतो, आणि तो नेमका पाणी उपसत असतो.

नट हलत नाही म्हणून पान्याला पाइप लावून ताकद करू नका. तेल मारा, हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके द्या, चहा प्या, मग बघा. तुटलेला बोल्ट समुद्रात निघत नाही.

पाना शेजारच्या बोटीला जरूर द्या. मला मिळाला होता म्हणून मी घरी आलो. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवून ठेवा आणि दिलेल्या पान्यापुढे बोटीचं नाव लिहा, म्हणजे परत मागता येतो.

आणि दुरुस्तीला वेळेची मर्यादा घाला. माझी मर्यादा अर्धा तास. तेवढ्यात बिघाड सापडला नाही तर नांगर टाकून व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनल १६ वर बोट कुठे आहे ते सांगा. फोनला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ आहे. तो नंबर पेटीच्या झाकणावर, यादीच्या वरच, ऑइल पेंटने लिहा. पेनची शाई पहिल्या पावसात जाते.