डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढलं की फॉन्ट जातो: दुरुस्तीला बसण्यापूर्वीची तयारी

साइट एका पत्त्यावर नीट दिसते, पण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय उघडली की तिचा फॉन्ट जातो, ही तक्रार दूर करायची आहे. सर्व्हरवरच्या फाइलींना हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तुमची साइट ज्या ज्या पत्त्यांवर उघडते ते सगळे लिहून काढा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, असे चार तर प्रत्येकाचेच होतात. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही घेऊन ठेवले असतील तर आठ. चाचणीचं सबडोमेन असेल तर तेही लिहा. आपल्या दृष्टीने साइट एकच, पण स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट (डोमेनचं पूर्ण नाव) किंवा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) यांतलं काहीही बदललं की ब्राउझरच्या लेखी 'ओरिजिन' बदलतं. दुसऱ्या ओरिजिनवरची चित्रं तो सहज दाखवतो, फॉन्ट मात्र त्या सर्व्हरची परवानगी असल्याशिवाय वापरत नाही. म्हणून चित्रं, रंग, मांडणी सगळं जागेवर आणि अक्षर तेवढं परकं दिसलं, तर पहिला संशय इथे घ्यायचा.

दुसरी गरज म्हणजे तुमचा फॉन्ट मुळीच बसवलेला नाही असा फोन किंवा संगणक. एका छोट्या दिवाळी अंकाच्या साइटवर माझे दोन दिवस याच कारणाने गेले. मुक्ता हा फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर आधीपासून होता आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत, 'लोकल'ची ओळ होती, त्यामुळे ब्राउझर तो लॅपटॉपवरूनच उचलत होता आणि मला प्रत्येक पान नीट दिसत होतं. संपादकांनी फोनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय पत्ता टाकला, स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हा कळलं. कवितांच्या ओळी भलत्याच ठिकाणी मोडल्या होत्या. कवीने जिथे श्वास घेतला तिथेच ओळ थांबायला हवी, एवढ्यासाठी तरी हे काम मन लावून करावं.

तिसरी, चाचणीची ओळ. मी 'शाळेतला लाल ॲप्रन, दऱ्याखोऱ्या, ज्ञानेश्वर' असं एक पानच करून ठेवते. सगळी अक्षरं बदलली तर फॉन्टची फाइल आलेली नाही. फक्त 'ॲ' वेगळा दिसला तर फाइल आली आहे, पण फाइलचा आकार कमी करायला नको ती अक्षरं काढताना ते गळलं; युनिकोडमध्ये ते 2008 साली आलं, जुन्या फॉन्टांत नसतंच. आणि बाकी सगळं ठीक असून 'ल' नि 'श' तेवढे हिंदी वळणाचे उमटले, तर डोमेनचा काही दोष नाही, पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये 'एमआर' (मराठी) लिहिलंय का ते बघा. बऱ्याच फॉन्टांत मराठी वळण त्यावरच अवलंबून असतं.

आता इन्कॉग्निटो विंडो, डेव्हलपर टूल्स, नेटवर्क टॅब, 'डिसेबल कॅश'वर (साठवलेली प्रत न वापरण्याच्या पर्यायावर) टिक. कागदावरचा एकेक पत्ता उघडा आणि प्रत्येकापुढे फॉन्टचा पूर्ण यूआरएल, स्टेटस (सर्व्हरच्या उत्तराचा आकडा) आणि कन्सोलमधली लाल ओळ लिहा. 'मिक्स्ड कंटेंट' असेल तर एचटीटीपीएस पानावर फॉन्टचा पत्ता जुना एचटीटीपीचा राहिला आहे. 'कॉर्स' (दुसऱ्या ओरिजिनला द्यायच्या परवानगीचा नियम) असेल तर लगेच हेडर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणारी परवानगीची ओळ, लावायला धावू नका, आधी स्टेटस बघा. फाइल त्या जागी नसली आणि 404च्या उत्तरात हेडर नसलं, तरी क्रोम तक्रार कॉर्सचीच करतो. सीएसएसमधला सापेक्ष पत्ता पानापासून नाही, त्या सीएसएस फाइलपासून मोजला जातो, हेही तेव्हाच तपासा.

होस्टिंगचा पासवर्ड, सीडीएनचं (साइटच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी साठवून वाटणाऱ्या सेवेचं) लॉगिन आणि सर्व्हरच्या चालू कॉन्फिगची (सेटिंग्जच्या फाइलीची) प्रत हाताशी असू द्या. माझं स्पष्ट मत, शक्य असेल तर परवानग्या वाटत बसू नये. एकच पत्ता पक्का करावा, बाकीचे 301ने (कायमच्या रीडायरेक्टने) तिकडे वळवावेत आणि फॉन्टच्या पत्त्यात डोमेन लिहूच नये. एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय दोन्ही नावं हवीत. वर्डप्रेसमध्ये जनरल सेटिंग्जमधले दोन्ही पत्ते जुळवा आणि पेज बिल्डरने बनवलेली सीएसएस पुन्हा तयार करून घ्या. जुना पूर्ण पत्ता बहुधा तिथेच लपलेला असतो.

फॉन्ट वेगळ्या डोमेनवरच ठेवायचे असतील तर 'अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन' हेडर लागेल. त्यात एकतर तारा (*, म्हणजे सगळ्यांना परवानगी) चालतो किंवा एकच ओरिजिन. स्वल्पविराम देऊन दोन लिहिले तर ब्राउझर दोन्ही नाकारतो. मुक्त परवान्याच्या फॉन्टला तारा पुरतो, विकतच्या फॉन्टचा परवाना मात्र आधी वाचा. सर्व्हर ओरिजिन बघून उत्तर देत असेल तर 'व्हेरी: ओरिजिन' जोडाच, नाहीतर एका पत्त्यासाठीचं साठवलेलं उत्तर सीडीएन दुसऱ्या पत्त्याला देतो आणि फॉन्ट कधी दिसतो, कधी नाही. एनजिनएक्स सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये आतल्या ब्लॉकला एक जरी ॲड-हेडर लिहिलं तरी बाहेरची सगळी गळतात. प्रीलोड केलं (फाइल आधीच मागवून ठेवली) असेल तर फॉन्ट स्वतःच्याच डोमेनवर असला तरी 'क्रॉसओरिजिन' लिहावं लागतं, नाहीतर तो दोनदा उतरतो.

मग सीडीएनची कॅश रिकामी करा आणि तोच कागद घेऊन, फोनच्या मोबाइल डेटावर, पहिल्या पत्त्यापासून पुन्हा सुरुवात करा.