टोपली लख्ख, कॉइल मात्र काळी: एअर फ्रायर साफ करताना या चुका टाळा

एअर फ्रायरमधून धूर येतो. करपट वास येतो. पूर्वी पंधरा मिनिटांत खुसखुशीत होणारी कोथिंबीर वडी आता वीस मिनिटांनंतरही मऊच निघते. मग लोक म्हणतात, यंत्रच वाईट निघालं. बऱ्याचदा यंत्रात काही बिघडलेलं नसतं, आतल्या चिकट्याचा हा प्रताप असतो. आणि गंमत म्हणजे अशा घरांत टोपली रोज घासली जाते, तीही जरा जास्तच. जिथे जपून हात लावायचा तिथे तारेची घासणी फिरते आणि जिथे खरी घाण साठते तिथे कुणी वाकून बघतच नाही.

आधी आत काय चालतं ते बघू. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा. तो गरम हवा जोरात खाली ढकलतो आणि ती टोपलीभोवती फिरून पुन्हा वर जाते. जाताना पदार्थातून उडालेलं तेल, तिखटाची पूड, रव्याचे कण सोबत नेते. हे सगळं कॉइलवर आणि वरच्या छताला जाऊन बसतं. पुढच्या खेपेला तेच पुन्हा तापतं. तेलाचा पातळ थर असा वारंवार तापला की तो तेल राहतच नाही, लाखेसारखा कडक, तपकिरी होतो. मग साबण हरतो. ताजं तेल साबणाच्या कोमट पाण्याने दोन मिनिटांत निघतं, आठवडाभराचं निघता निघत नाही. त्यामुळे ‘उद्या बघू’ ही या यंत्राच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक.

तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर

टोपलीला आतून नॉनस्टिक थर असतो. तो बहुतेक वेळा पीटीएफईचा असतो, ज्याला आपण सरसकट टेफ्लॉन म्हणतो. हा थर साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि घरगुती एअर फ्रायर बहुधा २०० अंशांवर थांबतो. म्हणजे उष्णतेने तो सहसा जात नाही. तो जातो ओरखड्यांनी. तारेची घासणी, हिरव्या स्क्रबरची खरखरीत बाजू, पितळी भांड्यांची पावडर, टोपलीतच फिरवलेला स्टीलचा चिमटा आणि वडी सोडवायला घातलेली सुरी, हे त्याचे खरे शत्रू. सिरॅमिकचा थर असेल तरी नियम तेच.

घरी भांड्यांना मावशी येत असतील तर टोपली मोरीत ठेवूच नका. त्यांनी कढई घासायची त्याच हाताने टोपली घासली तर त्यात त्यांची चूक नाही, ती तिथे ठेवणाऱ्याची आहे. टोपली ओट्यावर वेगळी ठेवावी आणि ती आपण धुवावी.

धुणं तसं सोपं आहे. टोपली हाताला सोसेल इतकी निवू द्या. तापलेली टोपली थेट नळाखाली धरली की चर्र आवाज येतो. ऐकायला मजा वाटते, पण अचानक थंड झालेला पत्रा वाकतो आणि थर सुटायला तिथूनच सुरुवात होते. खालच्या भांड्यात तेल जमलं असेल तर ते सिंकमध्ये न ओतता जुन्या वर्तमानपत्रावर ओता. मग गरम पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, वीस मिनिटं भिजवणं आणि मऊ स्पंज. जाळीच्या भोकांसाठी जुना टूथब्रश. हँडल जिथे टोपलीला जोडलेलं असतं त्या खाचेत बोट घालून बघा. तिथे बहुतेकांना तपकिरी चिकटा सापडतो आणि ‘धुतली तरी वास येतो’ याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

रात्रभर मात्र भिजत ठेवू नका. हँडलच्या आत आणि स्क्रूपाशी पाणी शिरतं आणि गंज धरतो. डिशवॉशरमध्ये चालेल असं माहितीपत्रकात लिहिलेलं असलं तरी रोज घालू नये, तिथल्या तीव्र डिटर्जंटने नॉनस्टिकची चमक लवकर जाते.

एक बारीकशी गोष्ट. आतल्या जाळीच्या ताटलीला कडेने चार छोटे रबरी तुकडे लावलेले असतात, प्रत्यक्षात ते सिलिकॉनचे. ताटली भांड्याला घासू नये म्हणून ते असतात. धुताना एखादा निसटतो आणि पाण्याबरोबर सिंकच्या जाळीतून खाली जातो. मग ताटली खडखडते, कडेचा थर खरवडला जातो आणि पदार्थ काढायला टोपली पालथी केली की ताटलीही खाली येते. धुण्याआधी आणि नंतर चारही जागेवर आहेत ना, एवढं पाहा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र

दोन्ही एकत्र केले की फेस येतो, व्हिडिओत छान दिसतो. पण खायचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. एकमेकांना भेटले की दोघांचाही जोर संपतो. उरतं मुख्यतः पाणी, थोडा क्षार आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. जळकं तेल काढायला एकटा सोडा बरा. भांडंभर गरम पाण्यात दोन चमचे, अर्धा तास. किंवा त्याची ओली पेस्ट डागावर थापून ठेवा आणि मग स्पंजने पुसा. कोरडा सोडा घासू नका, तोही ओरखडतो. व्हिनेगर किंवा लिंबू वेगळ्या कामाचं. बोअरच्या पाण्याने पडलेले पांढरे डाग त्याने जातात.

इथे एक गफलत होते, म्हणून ठळक सांगते: धुण्याचा सोडा वापरू नका. तो खायच्या सोड्यापेक्षा खूप तीव्र असतो आणि ॲल्युमिनियम काळं पाडतो. बाजारातले ओव्हन साफ करायचे स्प्रेही नकोत. त्यांतल्या बऱ्याच स्प्रेंत कॉस्टिक सोडा असतो, तो चिकट्यासकट थरही खातो.

कॉइलकडे कधी पाहिलंय?

भांडं बाहेर काढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि आत वर बघा. वर्षभर वापरलेल्या यंत्रात पहिल्यांदा जे दिसतं ते फारसं बरं नसतं. छताला मधाच्या रंगाचे थेंब, कॉइलवर करपलेला रवा, पंख्यापुढच्या जाळीत अडकलेली कढीपत्त्याची काडी.

प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. यंत्र पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी. मग ओट्यावर जाड टॉवेल पसरून त्यावर यंत्र आडवं किंवा उलटं ठेवा. आता नीट लक्षात घ्या, उलटं केलं की पंखा आणि मोटर खाली जातात. फडक्यातून गळलेला प्रत्येक थेंब थेट तिकडेच जाणार. म्हणून फडकं घट्ट पिळलेलं हवं आणि आत काहीही फवारायचं नाही. आधी मऊ ब्रशने कोरडे कण झाडून घ्या, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कॉइल आणि छत हलक्या हाताने पुसा, नंतर साध्या ओल्या फडक्याने, शेवटी कोरड्याने. फारच चिकट असेल तर आधी यंत्र सरळ ठेवून, प्लग काढलेलाच असताना, आत स्टीलच्या वाटीत उकळतं पाणी ठेवा आणि भांडं बंद करा. वाफेने थर थोडा सैल होतो.

सुरीने खरवडायचा मोह आवरा. कॉइल वाकली तर नुसतं साफ करण्याचं काम दुरुस्तीवर जाईल. आणि ती चकचकीत व्हायला हवी असा हट्टही नको, तिचा रंग मुळातच काळपट असतो. बोटाला चिकट लागत नाही, एवढं पुरे. सगळं तासभर उघडं वाळू द्या, मग रिकामंच तीन-चार मिनिटं चालवा.

रोज वापर असेल तर महिन्यातून एकदा. चिकन, मासे वारंवार होत असतील तर आधीच.

मुळात घाण कमी कशी होईल

दाबायच्या डब्यातला तेलाचा स्प्रे हा मोठा गुन्हेगार. त्यात बहुधा तेलासोबत लेसिथिन नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो, तो तापून नॉनस्टिकवर डिंकासारखा बसतो. साधं तेल ब्रशने पदार्थाला लावा, टोपलीला नव्हे.

भज्यांचं पातळ पीठ या यंत्रात घालू नये. ते भोकांतून गळतं, वाऱ्याने उडतं, आणि भजी होत नाहीत ती नाहीतच. अळूवडी, कोथिंबीर वडी, रव्यात घोळवलेली सुरमई हे इथले पदार्थ. सुरमईचा जास्तीचा रवा मात्र झटकून मगच ठेवा. पापड एकटा ठेवला तर उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो, त्यावर स्टीलची जाळी ठेवावी लागते. रिकाम्या टोपलीत कागद घालून आधी तापवण्याचंही तेच, वजन नसलेला कागद वर जातो.

काही बिघाड आणि त्यांची कारणं

पांढरा धूर म्हणजे बहुधा खाली गळलेली चरबी जळते आहे. सालीसकट चिकन असेल तर जाळीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घाला. काळा धूर आला तर लगेच बंद करा, प्लग काढा, धूर थांबेपर्यंत भांडं उघडू नका.

यंत्र सुरूच होत नाही? भांडं पूर्ण आत गेलेलं नसेल. ते नीट बसल्याशिवाय आतला स्विच दाबला जात नाही. कडेच्या खाचेत कण अडकले असतील तर ते पुसा आणि पुन्हा लावा.

माशाचा वास राहिला तर लिंबू फिरवून तो झाकला जाईल, जाणार नाही. वास तेलाच्या थरात असतो, थर काढा. नव्या यंत्राचा प्लॅस्टिकचा वास वेगळा, खिडकी उघडून रिकामं पंधरा मिनिटं चालवलं की कमी होतो. पण जुन्या यंत्राला अचानक वायर जळल्याचा वास आला तर फडकं बाजूला ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. प्लग तपकिरी झालाय का, तेही बघा. १५०० वॉटचं यंत्र साडेसहा अँपिअर खेचतं, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. साधा एक्स्टेंशन बोर्ड नको.

मागे गरम हवा बाहेर पडायला वीतभर जागा सोडा. आणि रात्री आत खरकटं ठेवू नका. उबदार, अंधारी, तेलाच्या वासाची जागा झुरळांना आवडते, मागच्या फटींतून ती शिरतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात धुतलेली टोपली ओली आत सरकवली की जाळीला गंज येतो. ती पुसून, वाळवून मगच ठेवा.

थराचे पापुद्रे निघायला लागले तर टोपली बदला, नवं यंत्र घ्यायची गरज नसते. बऱ्याच कंपन्यांची टोपली सुटी मिळते. फक्त ‘चार लिटरची द्या’ म्हणून मागवू नका, लिटर सारखे असले तरी खाचा जुळतीलच असं नाही. यंत्राच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल क्रमांक मोबाइलवर टिपून घ्या आणि तोच दुकानदाराला दाखवा.