आई-बाबांना घेऊन ब्लेनिमला जाताय?

आधी तिकिटाचं बघा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनिमला राजवाडा, बाग आणि बाहेरचं रान असं सगळं मिळून एक तिकीट असतं, आणि वाडा वगळून थोडं स्वस्तातलं दुसरं. पहिलीच खेप असेल तर काटकसर नको, पूर्ण तिकीट ऑनलाइन काढा. आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर एक नजर टाका, कारण एखाद्या समारंभासाठी काही भाग बंद असू शकतो.

लंडनहून ऑक्सफर्डला आगगाडीने तासभर आणि तिथून राजवाड्याला लागून असलेल्या वुडस्टॉक गावाला बसने साधारण अर्धा तास लागतो. बस राजवाड्याच्या फाटकाशी थांबते आणि बहुतेक लोक तिथेच उतरतात. तुम्ही शक्यतो पुढे गावात उतरा आणि गावाकडच्या दगडी कमानीतून आत शिरा. कमान ओलांडली की समोर तळं, त्यावरचा प्रचंड पूल आणि डाव्या हाताला वाडा असं सगळं एका दमात दिसतं. ते फाटक त्या दिवशी उघडं आहे ना, तेवढं मात्र आधी पाहून ठेवा.

पायात बूटच हवेत. अंगणात खडी आहे आणि तळ्याकडच्या वाटा पावसानंतर निसरड्या होतात. आईला साडीवरसुद्धा बूट घालायला लावा; ती कुरकुर करेल, ऐकू नका. जून असला तरी स्वेटर आणि छत्री घ्या. डब्यात दशम्या आणि चटणी न्या, गवतावर बसून खाता येतं. पाण्याच्या बागेसमोरच्या कॅफेत फक्त कॉफी घ्या. तिथे पैसे जातात ते बसायच्या जागेचे, आणि ते वसूल होतात.

घरून निघण्याआधी थोडा इतिहास सांगून ठेवा, नाहीतर आत 'हा कुणाचा फोटो?' यातच दिवस जाईल. 13 ऑगस्ट 1704 रोजी डॅन्यूबकाठी मार्लबरोच्या सरदाराने, म्हणजे ड्यूकने, फ्रेंचांना हरवलं, म्हणून राणी ॲनने त्याला वुडस्टॉकची जहागीर इनाम दिली. त्याचा खंड म्हणून फ्रेंच राजाच्या निशाणाची प्रतिकृती दरवर्षी विंडसरला पोचती होते. वाडा बांधला जॉन व्हॅनब्राने. पण सरदाराची बायको सारा आणि व्हॅनब्राचं इतकं बिनसलं, की 1725 मध्ये तो पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याला फाटकातूनच परत पाठवलं. बाबांना हा भाग आवडतो, कंत्राटदाराशी भांडलेल्या प्रत्येकाला आवडतो.

बागेची गोष्ट मात्र नीट समजून जा, कारण ती वाड्याहून मोठी आहे. सुरुवातीला हेन्री वाइजने कातरलेल्या झुडपांची, काटेकोर नक्षीची बाग मांडली. पुढे 1764 पासून लॅन्सलॉट ब्राउनने ती नक्षी मोडून गवत पसरलं, ग्लाइम नावाच्या ओढ्याला बांध घातला आणि तळं केलं. व्हॅनब्राच्या पुलात खोल्या होत्या. खालच्या या तळ्यात बुडाल्या. आज जे 'निसर्गरम्य' वाटतं, ते सगळं माणसाने ठरवून केलेलं आहे. मग 1920च्या दशकात त्याच घराण्यातल्या नवव्या सरदाराने फ्रेंच रचनाकार आशिल द्युशेनकडून पश्चिमेला पाण्याच्या पायऱ्यापायऱ्यांची बाग करून घेतली, म्हणजे मोडलेली शिस्त परत आली. तिथे वरच्या कठड्यापाशी उभं राहा: पायाशी आखीव हौद आणि वेलबुट्टी, पलीकडे ब्राउनचं तळं. दोन माणसांचा वाद एकाच नजरेत दिसतो. माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच फिटतात, म्हणून वाडा सकाळी उरकून दुपार बागेसाठी राखा.

छोटी दुर्बीण असेल तर पिशवीत टाका. उत्तरेकडच्या मुख्य दाराबाहेर, खांबांवरच्या छताला भलेमोठे डोळे रंगवलेले आहेत, तीन निळे आणि तीन तपकिरी. निळे नवव्या सरदाराच्या दुसऱ्या बायकोचे, ग्लॅडिसचे. मान वर न करता आत शिरणारे ते हमखास चुकवतात. पाण्याच्या बागेतल्या दोन स्फिंक्सना, म्हणजे सिंहाच्या धडाच्या पुतळ्यांना, चेहराही तिचाच आहे, ती ओळख आईला आपली आपण पटू द्या.

आत लांब ग्रंथालयात सावकाश चाला, ते सुमारे 55 मीटर आहे आणि टोकाला अजस्र ऑर्गन आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल 1874 मध्ये जिथे जन्मले ती खोली लहानशी आहे, तिथे गर्दी तुंबते. सकाळी आधी तीच गाठा. 1908 मध्ये त्यांनी क्लेमेंटाइनला मागणी घातली ते रोमन देवी डायनाचं देऊळ बागेतच आहे, पण गुडघे दुखत असतील तर ते सोडून द्या. दूरचा विजयस्तंभसुद्धा लांबूनच पुरे.

चर्चिल यांची समाधी जवळच्या ब्लॅडन गावच्या चर्चच्या आवारात आहे. तिथेही जायचं असेल तर त्यासाठी वेगळा वेळ धरा. आणि परतीच्या बसच्या वेळा फोनमध्ये आधीच टिपून ठेवा, रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.